फायबरच्या धंद्यात नफा कुणाकडे राहतो?

इंटरनेटवरची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असं १९९७ नंतरची दोन-तीन वर्षं अमेरिकेत सर्रास सांगितलं जायचं. वर्ल्डकॉमची उपकंपनी असलेल्या यूयूनेटचे अधिकारी ते सांगत. अमेरिकी वाणिज्य खात्याच्या अहवालात ते छापून आलं आणि दलाल कंपन्यांच्या टिपणांत ते गृहीतच धरलं गेलं. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतले गणितज्ञ अँड्र्यू ओडलिझ्को यांनी आकडे तपासले, तेव्हा वाहतूक वर्षाला साधारण दुप्पट होत असल्याचं दिसलं. हाही वेग अफाटच. पण शंभर दिवसांचा हिशोब धरला तर ती वर्षात बारापट व्हायला हवी होती, आणि केबल टाकणाऱ्यांनी कर्ज काढलं होतं ते बारापटीच्या भरवशावर.

पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. एके काळी कॅनडाच्या शेअर निर्देशांकाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा एकटी व्यापणारी नॉर्टेल जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. ऑप्टिकल सुटे भाग बनवणाऱ्या जेडीएस युनिफेजने जून २००१ ला संपलेल्या वर्षात ५० अब्ज डॉलरहून अधिक तोटा दाखवला. तोट्याचा बहुतेक भाग म्हणजे चढ्या भावाने विकत घेतलेल्या कंपन्यांची खोडून टाकलेली किंमत. कॉर्निंगचा शेअर २००० मध्ये शंभर डॉलरच्या वर होता, २००२ मध्ये तो दीड डॉलरच्याही खाली आला. आपल्याकडे हिमाचल फ्युच्युरिस्टिक, म्हणजे आजची एचएफसीएल, शेअर दलाल केतन पारेख यांच्या लाडक्या 'के-१०' शेअरांपैकी होती. त्या शेअरने मार्च २००० मध्ये दाखवलेला भाव ज्यांना आठवतो, ते आजही या क्षेत्राचं नाव काढलं की हात जोडतात.

इंटरनेट वाढणार हे भाकीत मात्र खरं ठरलं, अगदी शंभर टक्के. तरी भागधारक बुडाले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांमुळे फायबर, लेझर आणि ट्रान्सीव्हर बनवणाऱ्या कंपन्या पुन्हा तेजीत आहेत आणि 'डेटा वाढणारच' हाच युक्तिवाद पुन्हा ऐकू येतो. डेटा वाढणार, यात शंका नाही. प्रश्न त्या वाढीतला पैसा साखळीतल्या कुठल्या कडीत अडतो आणि तो हातात कधी पडतो, हा आहे. हा लेख त्या प्रश्नापुरता. यात आलेलं कुठलंही नाव खरेदीची किंवा विक्रीची शिफारस नाही.

कोण काय विकतं

'ऑप्टिकल कंपनी' या एका शब्दाखाली पाच वेगवेगळे धंदे येतात.

पहिला काचेचा. अतिशुद्ध काचेचा जाड दांडा, ज्याला प्रिफॉर्म म्हणतात, तो भट्टीत तापवून त्यातून १२५ मायक्रॉन जाडीचा तंतू ओढतात. असे अनेक तंतू आवरणात घातले की केबल तयार होते. अमेरिकेची कॉर्निंग, इटलीची प्रिझ्मियन, चीनची वायओएफसी ही इथली मोठी नावं. पुण्यात मुख्यालय असलेली स्टरलाइट टेक्नॉलॉजीज म्हणजे एसटीएल याच रांगेतली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्रा इथल्या कारखान्यांत ती प्रिफॉर्मपासून फायबरपर्यंतचं काम स्वतः करते. प्रिफॉर्म स्वतः बनवणारा आणि बाहेरून फायबर आणून नुसती केबल गुंडाळणारा, या दोघांच्या नफ्यात मोठं अंतर असतं. बाजार मात्र दोघांनाही 'फायबर कंपनी' म्हणूनच भाव देतो.

दुसरा लेझर आणि प्रकाशग्राहक चिपांचा. इंडियम फॉस्फाइडसारख्या अवघड पदार्थांवर हे काम चालतं. जगात मोजक्याच कंपन्यांना ते जमतं आणि नवा कारखाना उभा करून चांगल्या चिपांचं प्रमाण वाढवायला वर्षं जातात. जेडीएस युनिफेजमधून २०१५ साली वेगळी झालेली ल्युमेंटम आणि आधी फिनिसार व मग कोहेरंट विकत घेऊन कोहेरंट हेच नाव धारण केलेली टू-सिक्स, या दोन कंपन्या इथे ठळक.

तिसरा ट्रान्सीव्हरचा. विजेचा संकेत प्रकाशात आणि प्रकाशाचा पुन्हा विजेत बदलणारी, बोटभर आकाराची, स्विचमध्ये खोचायची डबी. यात चीनच्या इनोलाइट आणि इऑप्टोलिंक यांनी मुसंडी मारली आहे. चौथा संपूर्ण यंत्रणेचा, म्हणजे शहरं आणि खंड जोडणारी उपकरणं. सिएना, नोकिया, ह्वावे, सिस्को आणि आपल्याकडे बेंगळुरूची तेजस नेटवर्क्स या धंद्यात आहेत. पाचवा खोदकामाचा: चर खणणं, केबल टाकणं, चालू ठेवणं.

भारतीय शेअर बाजारात गर्दी पहिल्या आणि पाचव्या टोकाला आहे. मधला लेझरचा भाग, जिथे तुटवडा आणि म्हणून भाव ठरवण्याची ताकद असते, तो आपल्याकडे जवळपास रिकामा आहे. शिवाय काही नावं फसवी असतात. फिनोलेक्स केबल्स ऑप्टिकल केबल बनवते, पण तिचा मुख्य धंदा घरातल्या विजेच्या वायरींचा. फायबरची तेजी पाहून तो शेअर घेणारा खरं तर घरबांधणीवर आणि तांब्याच्या भावावर पैसे लावत असतो. म्हणून वार्षिक अहवालातलं विभागवार विक्रीचं पान आधी उघडायचं. अध्यक्षांचं मनोगत नंतर वाचलं तरी चालतं. न वाचलं तरी फारसं बिघडत नाही.

वाहतूक वाढते, दर पडतो

१९७० मध्ये कॉर्निंगच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्त्झ यांनी किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी प्रकाश गमावणारं फायबर बनवलं. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरणं. आजच्या फायबरमध्ये हा ऱ्हास किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक. मग एकाच तंतूतून अनेक रंगांचे किरण एकाच वेळी पाठवायची युक्ती आली. सिएनाने १९९६ मध्ये स्प्रिंट या टेलिफोन कंपनीला सोळा रंगांची यंत्रणा दिली. प्रत्येक रंगावर सेकंदाला अडीच गिगाबिट, एकूण चाळीस. आज त्याच सिएनाची अद्ययावत यंत्रणा एका रंगावर १.६ टेराबिट वाहून नेते. १९९६ च्या सगळ्या यंत्रणेच्या चाळीसपट, आणि तीही एकाच किरणात.

अभियंत्यांसाठी ही दिमाखाची गोष्ट आहे. भागधारकाने मात्र तिच्याकडे जरा संशयाने पाहावं. जमिनीत पुरलेलं फायबर तेच राहतं, दोन टोकांची उपकरणं बदलली की क्षमता कित्येक पटींनी वाढते. म्हणजे उपकरण बनवणाऱ्याचं यश फायबर विकणाऱ्याच्या मुळावर येऊ शकतं. २००१ नंतर तेच झालं आणि पुरलेलं बरंचसं फायबर अंधारात पडून राहिलं. उपकरण बनवणारा तरी सुखी का? प्रत्येक पिढीत एका बिटामागचा दर पडतो, ग्राहकाला तो पडायलाच हवा असतो. तो पाडण्यासाठी सिएनासारखी कंपनी विक्रीचा जवळपास एक पंचमांश भाग संशोधनावर खर्च करते. एक पिढी चुकली तर पुढची तीन-चार वर्षं गेली.

इन्फिनेराचं उदाहरण मला या बाबतीत सगळ्यात बोलकं वाटतं. इंडियम फॉस्फाइडच्या एका चिपवर अख्खी यंत्रणा बसवणारी ही कंपनी तंत्रज्ञांमध्ये मोठ्या आदराने ओळखली जायची. जून २००७ मध्ये तिचा शेअर १३ डॉलरला बाजारात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नोकियाने ती पूर्ण विकत घेतली, ती शेअरमागे ६ डॉलर ६५ सेंट देऊन. सतरा वर्षांत इंटरनेट कुठल्या कुठे गेलं, इन्फिनेराच्या उपकरणांनी त्याला हातभारही लावला, आणि पहिल्या दिवसापासून शेअर धरून बसलेल्याला हाती निम्मेच पैसे आले.

२००१ नंतरच्या पडझडीचा फायदा झाला कुणाला? बुडालेल्यांची मालमत्ता भंगाराच्या भावात घेणाऱ्यांना. टायकोने दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्चून टाकलेलं समुद्राखालच्या केबलचं जाळं विदेश संचार निगमने, म्हणजे टाटांच्या आजच्या टाटा कम्युनिकेशन्सने, १३ कोटी डॉलरला घेण्याचा करार २००४ मध्ये केला. मुंबईला जोडणारं फ्लॅग या कंपनीचं समुद्री केबलचं जाळं रिलायन्सने २०.७ कोटी डॉलरला घेतलं. पुण्या-मुंबईतल्या आयटी आणि कॉल सेंटर कंपन्यांना परदेशाशी स्वस्तात जोडणारी बँडविड्थ मिळाली, त्यात अमेरिकी भागधारकांच्या बुडीत पैशाचा वाटा आहे.

फायबरचं चक्र

फायबर आणि केबल हा कांद्यासारखा धंदा आहे. भाव चढला की सगळे लागवड करतात आणि माल एकदम बाजारात येतो. २०१७-१८ मध्ये चीनच्या मागणीमुळे फायबरचा तुटवडा झाला आणि कारखाने धडाधड वाढले. मग २०१९ मध्ये चायना मोबाइलच्या खरेदी निविदेत भाव जवळपास निम्म्यावर आला. त्याचे धक्के जगभर बसले, वाळूजपर्यंत.

पुढचं चक्र कोविडनंतरचं. अमेरिकी टेलिफोन आणि केबल कंपन्यांनी २०२१-२२ मध्ये माल मिळणार नाही या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागवून ठेवला. कॉर्निंगच्या ऑप्टिकल विभागाची विक्री २०२२ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलर होती, २०२३ मध्ये ती ४ अब्जांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा ४.६६ अब्ज झाली. एसटीएलची विक्री २०२२-२३ मध्ये ६,९०० कोटी रुपयांच्या आसपास होती, पुढच्या वर्षी ती साधारण ५,५०० कोटींवर घसरली आणि कंपनी तोट्यात गेली. कॉर्निंगच्या ऑप्टिकल विक्रीला पाचव्या हिश्शाचा फटका बसला, एसटीएललाही साधारण तेवढाच. पण कॉर्निंगकडे काच, डिस्प्ले, औषधाच्या बाटल्या असे इतर धंदे होते आणि एसटीएलच्या डोक्यावर कर्ज होतं.

यातून दोन गोष्टी तपासायला सुचतात. कर्ज आणि व्याजाचा बोजा: चक्र खाली असताना कंपनी किती वर्षं तग धरेल. आणि संरक्षण: युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२१ मध्ये चिनी ऑप्टिकल केबलवर डम्पिंगविरोधी शुल्क लावलं. भारताने ऑगस्ट २०२३ मध्ये चीन, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियातून येणाऱ्या सिंगल मोड फायबरवर पाच वर्षांसाठी तसंच शुल्क लावलं. देशी उत्पादकाच्या नफ्यात या शुल्काचा हात असतो, आणि तो हात सरकार कधीही काढून घेऊ शकतं. उलट बाजूने, निर्यातदाराला परदेशी शुल्काचा फटका बसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं, तेव्हा अमेरिकेवर नजर ठेवून विस्तार केलेल्या केबल कंपन्यांची गणितं एका रात्रीत बदलली.

कोर्टकचेऱ्याही नजरेआड करू नयेत. ऑगस्ट २०२४ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या ज्युरीने प्रिझ्मियनने भरलेल्या दाव्यात एसटीएलच्या अमेरिकी उपकंपनीविरुद्ध ९.६५ कोटी डॉलरचा निकाल दिला. अशा दाव्यांची माहिती वार्षिक अहवालात 'संभाव्य दायित्वं' या टिपणात बारीक अक्षरात आधीपासून असते. ते वाचायला पाच मिनिटं लागतात.

गिऱ्हाईक किती आणि कोण

या क्षेत्रात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गिऱ्हाइकं अर्ध्याहून जास्त विक्री देतात. पूर्वी ती टेलिफोन कंपन्या असायची, आता ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि मेटा.

ऑप्टिकल भाग बनवणाऱ्या अकेशिया कम्युनिकेशन्सची २०१७ मधली सुमारे ३० टक्के विक्री चीनच्या झेडटीईला होती. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने झेडटीईला माल विकण्यावर बंदी घातली आणि अकेशियाचा शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक पडला. कंपनीच्या कारभारात काडीचीही चूक नव्हती. (पुढे सिस्कोने ती ४.५ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा धीर धरणाऱ्यांचं भलं झालं.) ट्रान्सीव्हर बनवणाऱ्या अप्लाइड ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्सची गोष्ट जास्त बोधक आहे. २०१६ मध्ये तिची अर्ध्याहून अधिक विक्री एकट्या ॲमेझॉनला होती. जुलै २०१७ मध्ये शेअर शंभर डॉलरवर पोचला. मग कंपनीने सांगितलं, की एका मोठ्या डेटा सेंटर ग्राहकाकडून ४० गिगाबिटच्या ट्रान्सीव्हरची मागणी अपेक्षेपेक्षा कमी आहे. डेटा सेंटरं १०० गिगाबिटकडे वळत होती, इतकंच. २०१८ संपताना तो शेअर वीस डॉलरच्या खाली होता.

मोठं गिऱ्हाईक दीर्घ करार करतं तेव्हा चित्र थोडं बदलतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्युमेन या टेलिकॉम कंपनीने कॉर्निंगच्या जागतिक फायबर क्षमतेतला दहा टक्के भाग दोन वर्षांसाठी राखून ठेवला. जानेवारी २०२६ मध्ये मेटाने कॉर्निंगशी २०३० पर्यंत ६ अब्ज डॉलरपर्यंतचा करार जाहीर केला. इथे 'पर्यंत' या शब्दावर बोट ठेवून वाचायचं. किमान खरेदीचं बंधन आहे का, आगाऊ रक्कम मिळाली का, कारखाना वाढवायचा खर्च कुणाचा, हे तीन प्रश्न विचारले की करारांमधला फरक कळतो. १९९८ मध्ये उपकरणं बनवणाऱ्या ल्युसेंटने विनस्टार या टेलिफोन कंपनीशी मोठा करार केला होता. त्यात ल्युसेंटच विनस्टारला माल घेण्यासाठी दोन अब्ज डॉलरपर्यंत कर्ज देणार होती. एप्रिल २००१ मध्ये विनस्टारने दिवाळखोरी जाहीर केली. विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे घातलेले दिसले, की ती विक्री अर्धीच धरावी.

तेजसचे दोन आकडे

भारतीय गुंतवणूकदारासाठी या क्षेत्राचा धडा तेजस नेटवर्क्सच्या निकालांत आहे. २००० मध्ये बेंगळुरूत सुरू झालेली, स्वतःची उपकरणं स्वतः रचणारी ही कंपनी जून २०१७ मध्ये २५७ रुपयांना बाजारात आली. २०२१ मध्ये टाटा समूहाने पॅनाटोन फिनव्हेस्टमार्फत तिचा ताबा घेण्याचं ठरवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडून बीएसएनएलच्या ४जी जाळ्यासाठी सुमारे ७,४९२ कोटींची ऑर्डर मिळाली.

२०२३-२४ ची विक्री २,४७१ कोटी. २०२४-२५ ची विक्री ८,९२३ कोटी, नफा ४४७ कोटी. साडेतीनपट वाढ पाहून कुणालाही मोह पडावा. जून २०२४ मध्ये शेअर चौदाशे रुपयांच्या वर होता. मग एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत विक्री २०२ कोटी आणि तोटा १९४ कोटी. वर्षभरापूर्वीच्या त्याच तिमाहीत विक्री १,५६३ कोटी होती. २०२५ संपता संपता शेअर आपल्या उच्चांकाच्या निम्म्याहूनही खाली होता.

कंपनी वाईट झाली का? नाही. एका लाखाच्या आसपास ठिकाणांसाठी देशी बनावटीची ४जी उपकरणं पुरवणं हे भारतीय उद्योगाच्या इतिहासातलं मोठं काम आहे, आणि ते तिने केलं. पण ऑर्डर एकच होती, ती पूर्ण झाली आणि पुढची वेळेवर आली नाही. गंमत म्हणजे या वाढीचा मोठा हिस्सा ऑप्टिकलचा नव्हताच, तो मोबाइल टॉवरच्या रेडिओचा होता. ऑप्टिकल कंपनी समजून शेअर घेतलेल्यांनी प्रत्यक्षात बीएसएनएलच्या वेळापत्रकावर पैसे लावले होते.

हे आधी दिसलं असतं का? बरंचसं दिसलं असतं. नफा-तोटा पत्रक बाजूला ठेवून ताळेबंदातली येणी पाहायची. येणी भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५, की सरासरी किती दिवसांनी पैसे मिळतात ते कळतं. खासगी गिऱ्हाइकांना माल विकणाऱ्या उपकरण कंपनीत हा आकडा साठ ते नव्वद दिवसांत बसावा. सरकारी कामांत तो दोनशेच्या पुढे सहज जातो. त्यात 'बिल न झालेलं उत्पन्न' मिळवायचं, कारण काम झालं पण बिल लागलं नाही अशी रक्कम विक्रीत धरलेली असते. मग माल पुरवायला लागणारं खेळतं भांडवल बँकेकडून येतं, व्याज चालू राहतं. तेजसचं कर्जही या ऑर्डरच्या काळात वाढत गेलं.

भारतनेटच्या कामांनाही हाच निकष लावायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची ही योजना २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली होती, आणि तिच्या मुदती किती वेळा पुढे गेल्या हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. मोठा आकडा जाहीर झाल्याच्या दिवशी केबल आणि कंत्राटी कंपन्यांचे शेअर उसळतात. पैसे मात्र चर खणून, केबल टाकून, तपासणी होऊन, हप्त्याहप्त्याने येतात. एसटीएलने आपला खोदकामाचा आणि सेवेचा धंदा २०२५ मध्ये एसटीएल नेटवर्क्स या वेगळ्या कंपनीत काढला, त्यामागे दोन्ही धंद्यांच्या भांडवलाची गरज वेगळी असणं हे एक कारण आहे. मला तो निर्णय पटतो. उत्पादनाचा ताळेबंद आता स्वच्छ वाचता येतो.

हातातल्या ऑर्डरी

ऑर्डरींचा साठा जेवढा मोठा तेवढं बरं, असं वाटणं साहजिक आहे. सिएनाकडे २०२२ चं आर्थिक वर्ष संपताना ४.२ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी होत्या, त्या वर्षीच्या ३.६ अब्जांच्या विक्रीपेक्षा जास्त. चिपांच्या टंचाईमुळे गिऱ्हाइकांनी आगाऊ मागणी नोंदवली होती. माल मिळाला, गोदामं भरली, नव्या ऑर्डरी मंदावल्या. २०२३ ची ४.३९ अब्जांची विक्री २०२४ मध्ये ४.०१ अब्जांवर उतरली आणि मग डेटा सेंटरांच्या मागणीवर २०२५ मध्ये ४.७७ अब्जांवर गेली. एका चांगल्या कंपनीच्या चार वर्षांत टंचाई, सुकाळ, ओसर आणि तेजी असं सगळं येऊन गेलं. ऑर्डरींचा साठा फुगलेला असताना गिऱ्हाइकांकडे किती माल पडून आहे, हे कंपनीच्या निकालानंतरच्या चर्चेत विचारलं जातं. उत्तर देताना अधिकारी चाचरतात का, ते ऐकावं.

पुढची पिढी

ट्रान्सीव्हर ४०० वरून ८०० गिगाबिटवर आले, आता १.६ टेराबिटची पाळी आहे. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियाने प्रकाशाचा भाग थेट स्विचच्या चिपशेजारी बसवणारी यंत्रणा जाहीर केली. ती रुळली तर खोचायच्या डब्या बनवणाऱ्यांचं काम कमी होईल, पण बाहेरून लेझरचा प्रकाश पुरवावा लागेलच, त्यामुळे लेझरवाल्यांचं वाढेल. कधी रुळेल यावर तज्ज्ञांतच एकमत नाही. पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये प्रकाश काचेऐवजी हवेतून जातो, म्हणून वेगाने पोचतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये या तंत्राची ल्युमेनिसिटी ही कंपनी विकत घेतली. सामान्य गुंतवणूकदाराने यातला विजेता ओळखायच्या फंदात पडू नये. आपली कंपनी कुठल्याही निकालात टिकते का, एवढंच पाहावं.

भाव किती द्यायचा

चक्राच्या धंद्यात पीई गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा नफा) उलटं वाचावं लागतं. तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असतो, म्हणून शेअर स्वस्त दिसतो. तळाशी नफाच नसतो, म्हणून तो महाग किंवा मोजता न येणारा दिसतो. निदान एक पूर्ण चक्र धरून, म्हणजे सात-आठ वर्षांच्या सरासरी नफ्यावर भाव तपासावा. अमेरिकी कंपन्यांच्या 'समायोजित' नफ्यातून कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरांचा खर्च वगळलेला असतो. तो पुन्हा वजा करून पाहिला, की चमक बरीच उतरते.

चांगल्या कंपनीला जादा भाव दिला तर काय होतं, याचं उत्तर सिस्कोने दिलं आहे. २००० मध्ये तिचा वार्षिक नफा २.७ अब्ज डॉलरच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो १० अब्जांच्या वर गेला. तरी मार्च २००० चा उच्चांक ओलांडायला डिसेंबर २०२५ उजाडलं. नफा पावणेचारपट, भाव तोच.

चढउतार सोसायची तयारीही हवी. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी कंपनीचं स्वस्त मॉडेल चर्चेत आलं आणि सिएनाचा शेअर एका दिवसात साधारण एक पंचमांश पडला. त्या दिवशी सिएनाच्या एकाही ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्याची बातमी नव्हती.

अमेरिकी शेअर घ्यायचे असतील तर

लेझर आणि यंत्रणांच्या कंपन्या बहुतांशी अमेरिकी बाजारात आहेत. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी वर्षात दहा लाख रुपयांहून अधिक पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते; तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. लाभांशावर अमेरिका २५ टक्के कापून घेते, त्याचं श्रेय इथे मिळतं. शेअर दोन वर्षांहून जास्त ठेवला तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो.

एक गोष्ट दलालांची ॲप सहसा ठळकपणे सांगत नाहीत. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या व्यक्तीचा मृत्यू झाला आणि तिच्या नावावर ६०,००० डॉलरहून अधिक किमतीचे अमेरिकी कंपन्यांचे शेअर असले, तर वरच्या रकमेवर तिथला वारसा कर लागतो, तो ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. भारत आणि अमेरिका यांच्यात या कराबाबत करार नाही. एवढी रक्कम गुंतवायची असेल तर शेअर कुणाच्या नावावर आणि कोणत्या मार्गाने घ्यायचे, हे आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारून मगच खातं उघडा.